६एस आरएनए: तेहतीस वर्षं बिनकामाचा

मंडळी, इथं कर्वेनगरात या सभागृहात बसलेल्या जवळपास प्रत्येकाच्या आतड्यात ई. कोलाय हा जीवाणू आहे. त्याच्यात १९६७ साली हिंडली यांना एक छोटा आरएनए दिसला: ६एस. १९७१ मध्ये ब्राउनली यांनी त्याचा क्रम लावला, सगळी मिळून १८४ अक्षरं. पण तो करतो काय? त्यापासून प्रथिन बनत नाही. १९८५ साली त्याचं जनुकच निकामी करून पाहिलं, तर जीवाणू मजेत वाढला! मग कोण कशाला बघतंय त्याच्याकडे?

गंमत अशी, की ती परीक्षा वाढीची होती, म्हणजे पोटभर खाल्लेल्या जीवाणूची. ६एस साठतो तो अन्न संपत आल्यावर. २००० साली वॉसरमन आणि स्टॉर्झ यांनी दाखवलं, की तो आरएनए पॉलिमरेजलाच धरून बसतो. हे विकर डीएनएवरून जनुकाची नक्कल उतरवतं, त्यालाच प्रतिलेखन म्हणायचं. ६एसचा आकार उघडलेल्या डीएनएसारखा, म्हणून विकर फसतं आणि बऱ्याच जनुकांचं प्रतिलेखन मंदावतं. ६एस नसलेले जीवाणू लांबलेल्या उपासमारीत कमी तगतात, हे २००४ मध्ये कळलं.

आणि अन्न परत आलं की? पॉलिमरेज ६एसवरूनच एक छोटासा तुकडा लिहितं आणि सुटतं. हे उलगडलं २००६ मध्ये.