आधी घर, मग कायदा



मुंबईची जय वकील शाळा १९४४ साली सुरू झाली ती वकील दांपत्याच्या राहत्या घरी, स्वतःच्या लेकीसाठी. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीला शिकवणार कोण? मग आईबापांनीच शाळा भरवली.

सिंगापुरातही संस्था आधी निघाल्या. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी १९५७ साली, बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी १९६२ साली. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००३ पासून लागू झाला, पण ही मुले त्यातून वगळलेली होती. मध्यम व तीव्र विशेष गरजा असलेली मुले त्यात आली २०१९ साली. तीही फक्त नागरिकांची. नोकरीच्या पासवर आलेल्या आपल्या कुटुंबांनी कोणाकडे पाहायचे?

एकमेकांकडेच. सेम्बावांगला गणपतीच्या आरतीत झांजा वाजू लागल्या की एखादे मूल कानांवर हात घेऊन किंचाळते. "फार लाडावलंय," असे आम्हीही म्हणून गेलो आहोत. चुकलेच आमचे. यंदा झांजा जरा हळू वाजवू, आतली खोली मोकळी ठेवू. त्या आईला प्रसादाचे जेवण निवांत जेवता यावे म्हणून आपल्यापैकी कोणीतरी मुलापाशी बसू. वकिलांच्या घरीही सुरुवात एका मुलीपासूनच झाली होती.