पाळीव कासवासाठी घरगुती समतोल आहार

पाळीव पाणकासवाचे कवच मऊ पडणे आणि पापण्या सुजणे, या तक्रारींचे मूळ अनेकदा आहारात असते. केवळ मांस दिल्यास कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस अधिक मिळतो; 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने डोळे सुजतात.

भारतात प्रामुख्याने 'रेड इअर्ड स्लायडर' हे मूळचे अमेरिकी कासव पाळले जाते. (तारा कासव बाळगण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये मनाई आहे.) स्लायडरची पिल्ले मुख्यतः मांसाहारी असतात, वयाबरोबर वनस्पतींचे प्रमाण वाढते. आहारातील कॅल्शियम व फॉस्फरसचे प्रमाण सुमारे २:१ असावे.

कृती : काटे काढलेली उकडलेली मासळी, शेवग्याचा पाला व किसलेले गाजर एकत्र वाटावे. पिल्लांसाठी मासळी निम्मी, प्रौढांसाठी पाव हिस्सा घ्यावी. त्यात समुद्रफेनाची चिमूटभर पूड व गरम पाण्यात विरघळवलेले जिलेटिन मिसळावे. मिश्रण थंड करून वड्या पाडाव्यात. मीठ घालू नये. पालकातील ऑक्झॅलेट कॅल्शियम शोषू देत नाही, म्हणून तो टाळावा. दूध व पावही वर्ज्य.

हे कासव पाण्याबाहेर घास गिळू शकत नाही. वड्या पाण्यातच द्याव्यात. पिल्लांना रोज, प्रौढांना दोन-तीन दिवसांआड खाऊ घालावे. मात्र कॅल्शियम अंगी लागण्यासाठी थेट ऊन आवश्यक असते. काचेतून येणारे ऊन उपयोगी पडत नाही. उन्हात ठेवताना सावलीचीही सोय असावी.

कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. त्यामुळे हाताळणीनंतर साबणाने हात धुवावेत. डोळे सुजल्यास पशुवैद्यकाला दाखवावे.