मशीन स्कॉटलंडचं, पिनियन उद्यमनगरचं

आमच्या चौकातल्या मामांचं मशीन जूनच्या पहिल्या आठवड्यात बंद पडलं. चप्पल-बूट शिवणाऱ्या माणसासाठी यापेक्षा वाईट वेळ नाही. शाळा सुरू होत असतात, दप्तरांचे बंद तुटलेले असतात, पावसाळी बूट माळ्यावरून खाली आलेले असतात. या तीन-चार आठवड्यांच्या कमाईवर मामांचा पुढचा पावसाळा निघतो. मी सहज थांबलो तर मामा आरीनं हातानंच टाके घालत बसलेले. म्हणाले, "दात गेलं बघ मशिनीचं. कोल्हापुरात मिळंना. तू नेटवर बघशील का जरा?"

बघतो म्हणालो आणि अडकलोच. एवढ्याशा दातेरी चाकापायी महिनाभर फिरलो. त्या फिरण्यात जे कळलं ते लिहावंसं वाटलं, कारण विषय एका मशीनचा नाही.

आधी मशीन काय आहे ते सांगतो. तुम्ही ते हजारदा पाहिलंय, फक्त लक्ष दिलं नसेल. काळं, बिडाचं, एका बाजूला लांब बारीक हात पुढे आलेला. सिंगर कंपनीचं 'क्लास २९'. घरच्या शिलाई मशीनमध्ये खाली दाते असतात, ते कापड पुढे सरकवतात. इथं खाली दाते नाहीतच. वरचा फूटच चामडं दाबून धरतो आणि पाऊल टाकल्यासारखा ते ओढतो. शिवाय हा फूट पूर्ण गोल फिरतो, म्हणजे बूट जागेवर ठेवून शिलाई कुठल्याही दिशेला नेता येते. तो लांब हात बुटाच्या आत जातो. त्याच्या टोकाला इवलंसं शटल आणि बॉबीन. शटल हलवायला हाताच्या पोकळीत एक दातेरी पट्टी मागेपुढे सरकते आणि टोकाचं पिनियन फिरवते. जागा इतकी कमी, की पिनियन नखाएवढं असतं. मामांचं तेच गेलं होतं.

मशीनवरच्या बिल्ल्यावर नंबर होता. सुरुवातीला 'ईके', पुढे सहा आकडे. सिंगरच्या जुन्या नोंदवह्यांमुळे अशा नंबरवरून मशीनचा काळ काढता येतो. हे निघालं १९५० च्या दशकातलं, आणि मॉडेलच्या नावातला 'के' म्हणजे किलबॉवी. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ क्लाईडबँक गाव आहे, तिथला सिंगरचा कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तिथून वर्षाला दहा लाखांहून जास्त मशिनं जगभर जात होती. १९११ मध्ये पॉलिशचं काम करणाऱ्या डझनभर बायकांवर कामाचा बोजा वाढवला, तर त्यांच्या पाठीशी जवळपास ११ हजार कामगार बाहेर पडले. संप मोडला आणि पुढारी कामगारांना घरी बसवलं. १९४१ मध्ये जर्मन बॉम्ब पडले, तरी कारखाना उभा राहिला. शेवटी १९८० मध्ये बंद झाला, इमारती पाडल्या. आज तिथं 'सिंगर' नावाचं रेल्वे स्टेशन तेवढं आहे.

म्हणजे मामांचं मशीन जन्मलं तो कारखाना जाऊन चाळीस वर्षं उलटली. मशीन मात्र चालू आहे. हे कसं काय?

याचं उत्तर सुट्या भागांच्या इतिहासात आहे. सिंगरनं १८५१ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं. लवकरच मशीन हप्त्यानं विकायला सुरुवात केली, आणि कंपनी मोठी झाली ती या हप्त्यांमुळे आणि गावोगावच्या एजंटांमुळे. आपल्याकडे हे जाळं विणलं नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कित्येक वर्षं हिंदुस्थानातला सिंगरचा कारभार त्यांच्याकडे होता.

पण मला खरं आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. एका मशीनचा भाग दुसऱ्या मशीनला जसाच्या तसा बसावा, ही आपल्याला साधी वाटणारी गोष्ट सिंगरला कितीतरी वर्षं जमली नव्हती. सुरुवातीच्या कारखान्यात फिटर लोक कानस घेऊन बसत आणि प्रत्येक भाग घासून घासून त्याच मशीनला बसवत. १८८० च्या सुमारास वर्षाला पाच लाखांच्या आसपास मशिनं निघत होती, तरी कानस सुटली नव्हती. त्यानंतर हळूहळू मापं पक्की झाली. प्रत्येक भागाला नंबर मिळाला, बऱ्याच भागांवर तो ठोकलेला असतो. कुठल्या मॉडेलला कुठला नंबर लागतो याच्या छापील याद्या निघाल्या.

कारखाना गेला, पण हे नंबर राहिले. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे आयातीवर बंधनं आली, देशी मशिनं तयार होऊ लागली, लुधियाना शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं मोठं केंद्र झालं. तिथं आणि पुढे चीनमध्ये सिंगरच्याच मापांवर भाग निघत राहिले. आजही दुकानदाराला जुना सिंगर नंबर सांगा, तो मान डोलावतो. खुद्द जर्मनीतली आडलर आणि पाफ ही चामड्याच्या शिलाईची बडी नावंही आता शांघायच्या एका कंपनीच्या ताब्यात आहेत.

हे सगळं कळल्यावर मला वाटलं, काम झालं. नंबर शोधला, एका दुकानातून नवं पिनियन आणलं. बसलं नाही. क्लास २९ मध्ये लहान बॉबीनची आणि मोठ्या बॉबीनची अशी वेगवेगळी मशिनं आहेत आणि हाताच्या टोकाचे भाग एकमेकांना चालत नाहीत. दुकानदारानं हे विचारलं नाही आणि मला ते माहीत नव्हतं. दुसरं कुरिअरनं मागवलं. ते बसलं, पण लोखंड मऊ. आठ दिवसांत दात गोल झाले. तिसऱ्यांदा पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. मोडीत निघालेलं एक मशीन होतं, पण त्याचं पिनियन मामांच्यापेक्षा झिजलेलं!

स्क्रूचं तर वेगळंच. सिंगरचे आटे स्वतःचे असतात, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू त्यात जात नाही. पूर्वी कुणीतरी मामांच्या मशीनमध्ये साधा स्क्रू जोरानं पिळला होता, आतले आटे खल्लास. म्हणून भंगारात असं मशीन दिसलं तर निदान त्याचे स्क्रू तरी काढून डबीत ठेवावेत. जुने मेकॅनिक हेच करतात.

शेवटी शिवाजी उद्यमनगरात गेलो. पंप आणि इंजिनांचे भाग करणारं छोटं वर्कशॉप. मालकांनी तुटलेलं पिनियन हातात घेतलं, भिंग लावलं, उरलेले दाते मोजले, मापं घेतली. लेथवर गोळा काढला, मिलिंगवर दाते पाडले, भट्टीत घालून पाणी दिलं. मग मामांसमोर बसून बारीक कानशीनं घासत, पुन्हा बसवून बघत, पुन्हा घासत. १८६० मध्ये न्यूयॉर्कच्या कारखान्यात सिंगरचा फिटर जे करत होता, तेच २१ व्या शतकात कोल्हापुरात चाललं होतं. चक्र पूर्ण फिरलं म्हणायचं. सातशे रुपये घेतले. एकाच नगासाठी सगळी जुळवाजुळव करावी लागते, म्हणून एवढे. "दहा केले असते तर दीडशेला पडलं असतं," ते म्हणाले.

हे दीडशे आणि सातशेमधलं अंतर, माझ्या मते, सार्वजनिक प्रश्न आहे.

१९२४ मध्ये 'यंग इंडिया'त गांधीजींची एक मुलाखत आली होती. यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींनी सिंगरच्या शिलाई मशीनचा अपवाद केला. लगेच प्रश्न आला, मग ही मशिनं बनवायला मोठा कारखाना लागेलच ना? गांधीजींनी ते मान्य केलं आणि असे कारखाने सरकारच्या मालकीचे किंवा ताब्यातले असावेत असं सांगितलं. मला यात मोठा मुद्दा दिसतो. मशीन कारागिराच्या मालकीचं असलं तरी त्याचे भाग कुणाच्या हातात आहेत, यावर त्याचं स्वातंत्र्य ठरतं.

आता आजचं बघू. सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देण्याची राज्याची योजना आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत चर्मकार आहेत, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि स्वस्त व्याजाचं कर्ज आहे. चांगलंच आहे. पण सगळ्यांचा रोख नवीन वस्तू देण्यावर. हातात आहे ते चालू कसं राहील, हे कुणाच्या फाइलीत नाही. 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून केंद्रानं २०२२ मध्ये पोर्टल काढलं, त्यात मोबाइल, गाड्या, घरगुती उपकरणं, शेतीची यंत्रं आली. जो माणूस आयुष्यभर इतरांच्या वस्तू दुरुस्त करतो, त्याचं मशीन त्यात नाही.

"नवीन चायना मशीन घ्या ना, काही हजारांत मिळतं," असं मलाही लोकांनी सांगितलं. मामांनी एकदा घेतलं होतं. हातानं फिरवायचं, ओतीव भाग ओबडधोबड. एखाद्या हौशी माणसाला ते पुरेल, पण रोज दिवसभर ज्याला त्यावर पोट भरायचंय त्याला नाही.

माझी सूचना साधी आहे. आपल्या आयटीआयमध्ये टर्नर, फिटर, मशिनिस्टची मुलं वर्षभर सरावासाठी लोखंडाचे तुकडे घासतात आणि ते शेवटी भंगारात जातात. त्याऐवजी क्लास २९ चे सगळ्यात लवकर झिजणारे पाच-सहा भाग त्यांना करायला द्या. एकदा नीट मापं घेऊन ड्रॉइंग काढा आणि ते मराठीत सगळ्यांसाठी खुलं ठेवा. तयार भाग चर्मोद्योग महामंडळामार्फत गटई कामगारांना मिळू देत. यासाठी नवीन इमारत लागत नाही आणि उद्घाटनही लागत नाही.

२०२५ मध्ये प्राडाच्या मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली तेव्हा आपण सगळे चिडलो, मीसुद्धा पोस्ट लिहिली होती. चिडणं बरोबरच होतं. पण त्याच वेळी आपल्याच चौकात, त्याच समाजातल्या माणसाचं मशीन एका पिनियनवाचून बंद पडतं, तेव्हा आपल्याला पत्ताही नसतो.

मामांचं मशीन आता चालू आहे. जूनचा हंगाम मात्र गेला तो गेलाच. मी पैसे विचारले नाहीत, त्यांनी माझी सॅंडल न सांगता शिवून दिली.

कुणाकडे जुन्या सिंगर २९ ची छापील पार्ट-यादी असेल, माळ्यावर मोडकं मशीन पडलं असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी कॉमेंटमध्ये सांगा. आयटीआयमध्ये शिकवणारे कुणी वाचत असतील तर त्यांनी जरूर बोलावं. उद्यमनगरातल्या त्या मालकांनी मापं कागदावर उतरवून ठेवलीत. दहा जणांची मागणी जमली की पुढचं पिनियन दीडशेला.