कृतिसंशोधन आणि सीमाभागातील भाषाशिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कृतिसंशोधन बी.एड.च्या अभ्यासक्रमामुळे सर्वपरिचित असले, तरी त्याचा उगम सहसा सांगितला जात नाही. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये ज्या निबंधात ही संकल्पना मांडली, त्याचा विषयच अल्पसंख्याकांचे प्रश्न हा होता. १९५३ मध्ये स्टीफन कोरी यांच्या ग्रंथाने ती शाळांपर्यंत आणली. शिक्षकाने आपल्याच वर्गातील अडचण हेरावी, उपाय योजावा, परिणाम नोंदवावा आणि उपाय पुन्हा सुधारावा, एवढाच तिचा गाभा.

बिदर-कलबुर्गी भागात माध्यमाचे निर्णय मात्र नेहमी वरून आले. १९१८ मध्ये हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा हा प्रयोग खरोखर मोठा होता. दारुल तर्जुमाने त्यासाठी ग्रंथच्या ग्रंथ भाषांतरित केले. पण मराठी, कन्नड वा तेलुगू घरातून आलेल्या मुलाला ती उर्दूही शिकूनच घ्यावी लागे. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर तेथे इंग्रजी आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बिदर जिल्हाच विभागला गेला : उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात, झहीराबाद, नारायणखेड आंध्रात, उरलेला भाग म्हैसूर राज्यात. भालकी, औराद, बसवकल्याण येथील मराठी भाषक कन्नड राज्यात आले. या साऱ्याचा वर्गात मेळ घालणे शिक्षकाच्या वाट्याला आले.

आज दखनी बोलणारा विद्यार्थी मराठी शिकतो, तेव्हा अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचेच शब्द त्याला अधिक चकवतात. 'खाली' म्हणजे मराठीत तळाशी, उर्दूत रिकामे. 'तक्रार' मराठीत गाऱ्हाणे. उर्दूत 'तकरार' म्हणजे वाद किंवा पुनरावृत्ती. मदरशात धडा झाल्यावर विद्यार्थी तो आपसात पुन्हा उलगडतात, त्यालाही तकरारच म्हणतात. असा विद्यार्थी तक्रार-अर्जाचा धडा वाचताना अडखळला, तर त्यात मंदबुद्धी कसली?

अशा पंधरा-वीस शब्दांची चाचणी सत्रारंभी घ्यावी. चुकांचे नुसते गुण नकोत. विद्यार्थ्याने कोणता अर्थ घेतला, तो त्याच्याच शब्दांत टिपावा. नंतर दोन्ही अर्थ शेजारी मांडून शिकवावे व महिन्याने तीच चाचणी पुन्हा घ्यावी. ज्या शब्दांवर फरक पडला नाही, त्यांच्यापासून पुढचे आवर्तन सुरू करावे. शेजारच्या महाविद्यालयातील कन्नडच्या अध्यापकालाही ही वही दाखवावी. त्याच्या वर्गातील चुका निराळ्या निघतील.