भाज्यांची धिरडी आणि प्रथिनांचा हिशेब

घाईच्या वेळी धिरड्यासारखा दुसरा पदार्थ नाही. पीठ कालवावे, हाताला येईल ती भाजी किसून घालावी आणि तव्यावर पसरावे. कोकणातील घावन व आंबोळी, आंध्रातील पेसरट्टू, तामिळनाडूतील अडई आणि राजस्थानातील चिला ही सारी याच कुळातील भावंडे. अलीकडे या पदार्थाला 'प्रथिनयुक्त न्याहारी' म्हणून नवी प्रतिष्ठा मिळाली आहे. मात्र प्रत्येक धिरडे या नावाला पात्र असतेच असे नाही. तांदळाच्या पिठाचे घावन रुचकर असते, पण ३० ग्रॅम पिठाच्या एका घावनात प्रथिने जेमतेम अडीच ग्रॅम असतात. त्यात गाजर, कोबी किसून घातल्याने रंग येतो, तंतुमय पदार्थ व जीवनसत्त्वे मिळतात. प्रथिनांत मात्र नाव घेण्याजोगी भर पडत नाही. धिरड्यातील प्रथिने ठरतात ती डाळीच्या प्रमाणावर.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेल्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने आवश्यक आहेत. म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम आणि ६५ किलो वजनाच्या पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम. शाकाहारी घरातील न्याहारी या दृष्टीने बहुधा कोरडी जाते. ६० ग्रॅम पोह्यांतून चार ते पाच ग्रॅमच प्रथिने मिळतात. दुपारी पातळ वरण, रात्री पोळी-भाजी असा दिवस गेला, तर तूट भरून निघणे कठीण होते. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेल्या वरणावर जेवण भागवणाऱ्या गृहिणीला, दात गेल्यामुळे उसळी टाळणाऱ्या वृद्धांना आणि डब्यातली उसळ तशीच परत आणणाऱ्या मुलांना या तुटीचा फटका अधिक बसतो. कडधान्य मऊ, चवदार रूपात पोटात जाण्याचा सोपा मार्ग म्हणून धिरड्याचे खरे मोल आहे.

शंभर ग्रॅम कोरड्या मुगात प्रथिने सुमारे २२ ते २४ ग्रॅम, उडदाच्या डाळीत २३ व हरभऱ्याच्या डाळीत २१ ते २२ ग्रॅम असतात. उलट तांदळात ती ८, ज्वारीत १० व नाचणीत ७ ग्रॅमच्या आसपास भरतात. म्हणून धान्य अजिबात वगळावे, असे नव्हे. धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर डाळींत मेथिओनिन कमी असते. दोन्ही एकत्र आल्यास एकाची उणीव दुसरे भरून काढते. हा संयोग एकाच घासात साधला पाहिजे असेही बंधन नाही, दिवसभराच्या आहारात तो झाला तरी पुरते. तरीही तीन वाटे डाळ व एक वाटा तांदूळ हे प्रमाण चवीलाही बरे आणि धिरडे उलटण्यासही सोयीचे.

साहित्य : १५० ग्रॅम सालीचे अख्खे मूग, २५ ग्रॅम उडीद डाळ, ५० ग्रॅम तांदूळ, आल्याचा तुकडा, दोन-तीन हिरव्या मिरच्या, जिरे, हळद, मीठ, कोथिंबीर, किसलेली किंवा बारीक चिरलेली भाजी १५० ते २०० ग्रॅम आणि तव्याला लावण्यापुरते तेल.

कृती : मूग, डाळ व तांदूळ धुऊन सहा ते आठ तास भिजवावेत. ज्यांना वेळ आहे त्यांनी मुगाला मोड आणावेत. भिजवण्याने व मोड आणण्याने फायटेटसारखे, लोह व जस्ताच्या शोषणात अडथळा आणणारे घटक कमी होतात. भिजवलेले सारे आले, मिरची व जिऱ्यासह अगदी थोडे पाणी घालून वाटावे. वाटण गंधासारखे न करता किंचित रवाळ ठेवावे, म्हणजे कडा कुरकुरीत होतात. हे पीठ आंबवण्याची गरज नाही.

बिघडते ते बहुधा भाजी घालताना. दुधी, काकडी, कोबी यांना मीठ लागले की पाणी सुटते, पीठ सैल होते आणि धिरडे तव्यावरच फाटते. मग गृहिणी वर तांदळाचे पीठ किंवा रवा भुरभुरते व डाळीचे प्रमाण आपोआप घटते. यावर उपाय साधा आहे. किसलेला दुधी हलकेच पिळून घ्यावा व निघालेले पाणी वाटणासाठी वापरावे. भाजी आणि मीठ पीठ तव्यावर घालण्याच्या जरा आधीच मिसळावे. मेथी, पालक बारीक चिरून, गाजर किसून घालावे. भाजी वरील प्रमाणाहून फार वाढवली, तर धिरड्याऐवजी तव्यावर भाजीचा चुरा मिळतो.

बिडाचा तवा असल्यास उत्तम. तो चांगला तापवून अर्ध्या कापलेल्या कांद्याने तेल फिरवावे. डावभर पीठ घालून डोशाहून थोडे जाड पसरावे आणि मध्यम आचेवर झाकण ठेवावे. वाफेने आतील डाळ शिजते. कच्ची राहिलेली डाळ पचायला जड जाते. कडा सुटू लागल्या की सराट्याने उलटावे आणि दुसरी बाजू झाकण न ठेवता भाजावी. लिंबू पिठात न घालता खाताना वरून पिळावे, कारण त्यातील क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते आणि मुगातील लोह अंगी लागण्यास तेच मदत करते.

एवढ्या साहित्यात आठ धिरडी होतात. सर्व मिळून प्रथिने सुमारे ४३ ग्रॅम, म्हणजे एका धिरड्यामागे साडेपाच ग्रॅमच्या आत-बाहेर. तीन धिरडी आणि वाटीभर दही घेतल्यास २० ग्रॅमच्या आसपास मजल जाते. अंडे चालत असेल, तर पिठात एक फोडून घातल्यास आणखी सहा ग्रॅम मिळतात.

भिजवण्यास वेळ नसेल तेव्हा बेसन आहेच. 'टोमॅटो ऑम्लेट' या नावाने मराठी घरांत खपणारा, अंड्याशी काडीचाही संबंध नसलेला पदार्थ हे बेसनाचे धिरडेच होय. पीठ कालवून पंधरा मिनिटे ठेवले म्हणजे कच्चट चव राहत नाही. थालीपिठाच्या भाजणीत धान्यांचा वाटा अधिक असल्याने तिच्यात प्रथिने बेसनाहून कमी असतात. शिवाय धान्ये, डाळी फार करपवून भाजल्यास लायसिनचा काही भाग वाया जातो. विकतचे तयार मिश्रण घेणाऱ्यांनी पाकिटावरील मोठ्या अक्षरांपेक्षा मागील बाजूचा १०० ग्रॅमचा तक्ता पाहावा. घटकांत तांदूळ किंवा रवा पहिल्या क्रमांकावर असेल, तर ते मिश्रण डाळीचे नव्हे.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना प्रथिनांचे प्रमाण ठरवून दिलेले असते. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय असा बदल करू नये. ज्यांना कडधान्यांनी पोट फुगण्याचा त्रास होतो, त्यांनी सालीच्या मुगाऐवजी धुतलेली मूगडाळ घ्यावी व एका धिरड्यापासून सुरुवात करावी. वाटलेले पीठ भाजी व मीठ न घालता शीतकपाटात दोन दिवस टिकते. डब्यात द्यायची धिरडी जाळीवर निववून मगच भरावीत, नाहीतर वाफेने ती ओली होऊन एकमेकांना चिकटतात.