सावंतवाडी: शांत गाव शांत कसं झालं?

परवा शाळेतल्या एका मित्राने तुर्कीच्या सहलीचे फोटो टाकले. इस्तंबूलचे नेहमीचे चार-पाच, आणि मग एकदम वीस-पंचवीस फोटो इझनिक नावाच्या गावाचे. मोठं तळं, काठाला झाडं, जुनी तटबंदी, रंगीत फरश्यांची दुकानं, आणि रस्त्यावर फारसं कोणी नाही. खाली लिहिलेलं, "असं तळ्याकाठचं शांत, जुनं गाव आपल्याकडे का नाही रे?"

मी उत्तर टाइप करायला घेतलं. ते इतकं लांबलं की शेवटी वेगळी पोस्टच लिहितोय. लांब आहे, सवडीने वाचा.

तर मित्रा, आहे. रत्नागिरीहून रेल्वेने तीनेक तासांवर आहे. आणि १९८१ पर्यंत ते आपल्याच जिल्ह्यात होतं. सावंतवाडी.

आजच्या पोरांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. १९४८ साली सावंतवाडी संस्थान विलीन झालं आणि रत्नागिरी जिल्ह्याला जोडलं गेलं. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला. म्हणजे तेहतीस वर्षं सावंतवाडीकरांचं 'जिल्ह्याचं काम' म्हणजे रत्नागिरी गाठणं. त्याच्याही आधी, १८८० साली इंग्रजांनी गॅझेटियरचा दहावा खंड काढला तो 'रत्नागिरी आणि सावंतवाडी' असा एकत्रच. आता मात्र आपण गोव्याला जाताना सावंतवाडी बाजूने ओलांडतो. महामार्ग झारापवरून पत्रादेवीकडे बाहेरच्या बाहेर जातो, आणि रेल्वेचं 'सावंतवाडी रोड' स्टेशन गावात नाही, मळगावात आहे. मुद्दाम वाकडी वाट केल्याशिवाय ते तळं दिसतच नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयतांनी ती वाकडी वाट केली. तुतारी एक्सप्रेसने गेलो. या गाडीचं आधीचं नाव राज्यराणी. २०१७ मध्ये ते बदलून तुतारी केलं, ते आपल्या मालगुंडच्या केशवसुतांच्या कवितेवरून. स्टेशनवरून रिक्षा केली. उतार-चढ, झाडी, कौलारू घरं, आणि एका वळणावर एकदम समोर पाणी. हाच मोती तलाव. एका बाजूला राजवाडा, दुसऱ्या बाजूला बाजारपेठ, मागे नरेंद्र डोंगर. तळ्याकाठी एक केशवसुत कट्टाही आहे. म्हणजे आपला माणूस तिथे आपल्या आधीच जाऊन बसलाय.

आता मित्राच्या प्रश्नातला 'शांत' हा शब्द घेऊ. कारण मला त्या कट्ट्यावर बसल्यावर हाच प्रश्न पडला. हे गाव शांत आहे, पण ते तसं कधीपासून आहे?

इतिहास बघितला तर सावंतवाडी इतकं अशांत राज्य कोकणात शोधून सापडणार नाही. एका अंगाला गोव्याचे पोर्तुगीज, एका अंगाला घाटावरचे कोल्हापूरकर, समुद्रात इंग्रजांची गलबतं, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत हे सावंत भोसले. १६५९ मध्ये लखम सावंतांनी शिवाजी महाराजांशी तह केला, तो टिकला नाही. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी आलोर्णा जिंकला, आणि त्यांच्या व्हाइसरॉयला 'आलोर्णाचा मार्किस' असा किताब मिळाला. आज आपण ज्या पेडणे, डिचोली, सत्तरीला गोवा म्हणतो, ते तिन्ही महाल आधी सावंतवाडीकडे होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक करत ते पोर्तुगीजांकडे गेले. पेडणे गेलं १७८८ ला.

याच काळात गादीवर होते तिसरे खेम सावंत, १७५५ ते १८०३. त्यांनी शिंद्यांची लेक केली, दिल्लीच्या बादशहाकडून 'राजेबहादूर' किताब आला, आणि त्यावरून कोल्हापूरकर बिथरले. पुढची सगळी कारकीर्द लढाईत गेली. कधी कोल्हापूर, कधी पेशवे, कधी पोर्तुगीज, कधी इंग्रज. गंमत अशी की राजवाडाही त्यांच्याच काळातला आणि सावंतवाडीच्या गंजिफा कलेला आधार दिला तोही त्यांनीच. म्हणजे आज पर्यटक ज्या दोन गोष्टी बघायला येतात, त्या दोन्ही ऐन धामधुमीतल्या आहेत, शांततेतल्या नाहीत.

ते गेल्यावर तर वारसाहक्काचा गोंधळ. त्यांच्या विधवा राणी लक्ष्मीबाईंनी दत्तक घेतलेल्या लहान मुलाचा १८०७ मध्ये झोपेत गळा आवळून खून झाला. बंदरांत चाचेगिरी वाढली. १८१२ च्या तहात इंग्रजांनी वेंगुर्ला घेतलं आणि लढाऊ जहाजं द्यायला लावली. १८१९ मध्ये रेडीचा यशवंतगड आणि निवतीचा किल्ला घेतला. १८३८ ला अख्खा कारभारच इंग्रजांच्या हातात गेला.

हे लोकांनी मुकाट्याने घेतलं का? नाही. १८३९ ला बंड झालं. १८४४ ला कोल्हापूरच्या गडकऱ्यांनी उठाव केला, त्याची आग सावंतवाडीत पोचली आणि खुद्द राजपुत्रही बंडवाल्यांत सामील झाला. मनोहर आणि मनसंतोष हे जोडकिल्ले बंडवाल्यांनी धरले. औट्रम फौज घेऊन आला, १८४५ च्या सुरुवातीला किल्ले पडले, बरेचजण गोव्यात पळाले. यानंतर इंग्रजी दप्तरात नोंद सापडते ती अशा अर्थाची, की तेव्हापासून हा मुलूख शांत आहे.

'शांत' या शब्दाची सरकारी जन्मतारीख ही अशी आहे बघा.

आणि हे फक्त सावंतवाडीचं नाही, आपलंही आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ मध्ये रत्नागिरीत का आणून ठेवलं? कारण हे गाव रेल्वेपासून आणि राजकारणापासून लांब, आडबाजूला. १९१६ मध्ये तो इथेच गेला. सावरकरांना १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध ठेवलं, त्यामागेही हाच हिशेब. कोकणची शांतता ही साहेबाच्या दृष्टीने एक सोय होती. आपण तीच आज सहलीच्या जाहिरातीत वापरतो.

मोती तलाव बांधला गेला १८७४ मध्ये. म्हणजे शेवटच्या मोठ्या बंडानंतर तीसेक वर्षांनी, कारभार इंग्रजांकडे असताना. तेव्हाच्या हिशेबाने सुमारे ३१ एकरांचं पाणी. तटबंदी आणि तोफा ही गावाची ओळख जाऊन पाणी ही ओळख झाली, ती तेव्हापासून. मला यात काही कमीपणा वाटत नाही. हरलेल्या गावाने आपल्या मधोमध तळं ठेवलं आणि दीडशे वर्षं ते बुजू दिलं नाही, ही साधी गोष्ट नाही. आपल्या आजूबाजूला किती तळ्यांवर एसटी स्टँड, मार्केट आणि पार्किंग झालंय ते आठवून बघा.

आता गंजिफाकडे येतो, कारण इथे तुर्की पुन्हा भेटते.

राजवाड्यात दरबार हॉलमध्ये कारागीर बसून गोल पत्ते रंगवत असतात. दशावतारी गंजिफाचे पत्ते १२०. दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. ठसा नाही, छपाई नाही, सगळं कुंचल्याने. खेळ दिवसा असेल तर सुरुवात रामाच्या राजाने, रात्री असेल तर कृष्णाच्या. एक कारागीर माशाचा डोळा काढत होते. आम्ही उभे राहून बघतोय म्हटल्यावर मान वर न करता म्हणाले, "बसा वायच." बसलो. तो एक डोळा काढायला त्यांनी जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात मी मोबाईलवर तीस फोटो पुढे सरकवले असते.

हा खेळ मूळचा आपला नाही, इराणकडून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबराच्या आत्मचरित्रात आहे. आणि इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात मामलुक काळातल्या पत्त्यांचा एक जुना संच जपलाय, त्यातल्या एका पत्त्यावर 'कंजिफा' हा शब्द लिहिलेला आहे. म्हणजे माझा मित्र ज्या शहरात विमानातून उतरला, तिथल्या राजवाड्यात आणि आपल्या सावंतवाडीच्या राजवाड्यात एकच शब्द राहतोय. इथे येईपर्यंत मात्र त्या पत्त्यांवर मत्स्य, कूर्म, वराह आले. आपल्या लोकांनी परका खेळ घेतला आणि त्यात आपले देव बसवले, कोणाचं काही बिघडलं नाही.

मग छापील पत्ते आले. स्वस्त, चौकोनी, कुठेही मिळणारे. गंजिफा जवळजवळ संपला. १९७० च्या आसपास हे पत्ते रंगवता येणारे फार थोडे हात उरले होते. तेव्हा शिवरामराजे आणि राणी सत्त्वशिलादेवी भोसले यांनी म्हाताऱ्या कारागिराकडून ही कला पुन्हा शिकून घेतली. सत्त्वशिलादेवी स्वतः शिकल्या, मग राजवाड्यातच कारखाना सुरू करून इतरांना शिकवलं. आज जे कुंचले चालू आहेत ते त्यामुळे. अलीकडे सावंतवाडीच्या गंजिफाला आणि लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

मित्राच्या इझनिकचीही गोष्ट अशीच. तिथल्या निळ्या-लाल फरश्या एकेकाळी ऑटोमन सुलतानांच्या मशिदींत लागायच्या. सतराव्या शतकात ती कला बुडाली, आणि गेल्या शतकाच्या शेवटी लोकांनी खटपट करून पुन्हा उभी केली. तेराव्या शतकात ते गाव काही काळ एका साम्राज्याची राजधानी होतं, आणि आज तळ्याकाठी फरश्या विकतंय. त्यात लाज नाही. पण तिथे लोक मुद्दाम वाट वाकडी करून जातात, आणि आपण महामार्गावरून नव्वदच्या स्पीडने पेडण्याला जातो, जे कधीकाळी याच गावाचं होतं.

आता माझा खरा मुद्दा. मला सावंतवाडीत शांततेचे तीन प्रकार दिसले. एक पराभवाची, जी १८४५ नंतर लादली गेली. दुसरी कामाची, म्हणजे माशाचा डोळा काढणाऱ्या माणसाची, पांगाऱ्याच्या लाकडाचा आंबा रंगवणाऱ्या चितार आळीची. आणि तिसरी रिकामपणाची. ही तिसरी मला घाबरवते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्रात मुंबई शहर सोडलं तर लोकसंख्या घटलेले जिल्हे दोनच, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. आपण १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आलो. ते ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर. खुद्द सावंतवाडी शहर २०११ ला सुमारे २४ हजारांचं. पोरं मुंबईला, पुण्याला, गोव्याला. घराला कुलूप, गणपतीला उघडायचं. बाहेरून फोटो काढणाऱ्याला दुसरी आणि तिसरी शांतता सारखीच दिसते. राहणाऱ्याला फरक कळतो.

म्हणून 'कोकण किती शांत, किती सुंदर' असं कोणी म्हटलं की मी हल्ली लगेच खूश होत नाही. विचारतो, कुठल्या शांततेबद्दल बोलताय? तळ्याला रंगीत दिवे लावले, कट्ट्याला टाइल्स लावल्या म्हणजे गाव जगत नाही. गाव जगतं ते तिथल्या कारागिराच्या पोराला वडिलांच्या शेजारी बसून पोट भरता आलं तर. गंजिफाने दाखवून दिलंय की संपत आलेली गोष्ट परत उभी राहते, पण त्यासाठी कोणीतरी स्वतः बसून शिकावं लागतं आणि कोणीतरी पैसे मोजून घ्यावं लागतं.

मी दशावतारी संच नाही घेऊ शकलो, खिशाचा प्रश्न होता. मत्स्याचा एक पत्ता आणि लाकडी फळांची एक परडी आणली. पत्ता आमच्या बैठकीत काचेत लावलाय. येणारा प्रत्येकजण विचारतो की हे काय, आणि मला सावंतवाडी सांगायला मिळते.

पुढच्या वेळी गोव्याला जाताना झारापला डावीकडे वळा. अर्धा दिवस द्या. राजवाड्याचं तिकीट काढा, चितार आळीत घासाघीस न करता काहीतरी घ्या, संध्याकाळी तळ्याकाठी बसा. आणि ज्यांचं वय साठच्या पुढे आहे, ज्यांनी रत्नागिरीच्या कचेऱ्यांत सावंतवाडीहून कामासाठी आलेली माणसं बघितली आहेत, त्यांनी त्या आठवणी खाली जरूर लिहा. जिल्हा एक असतानाच्या त्या गोष्टी लिहून ठेवायला आता फार वेळ उरलेला नाही.