बाबासाहेबांनी आखलेली रेषा आणि गुप्तचर यंत्रणा

गुप्तचर यंत्रणा देशाला हवीच, यावर आमचा वाद नाही. प्रश्न आहे तो तिच्यावरील अंकुशाचा. इंग्रजांनी १८८७ साली उभारलेल्या यंत्रणेतून आजची आयबी घडली. २९ ऑगस्ट १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते: गुन्ह्याचा तपास पोलिसांचा, केंद्रीय विभागाने माहिती जमवावी, ती खरी की खोटी हे पडताळावे आणि प्रांतांना कळवावे. संघसूचीत आठवी नोंद आहे. पण आयबीचे अधिकार ठरवणारा कायदा संसदेने आजवर केलेला नाही. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर एफबीआयने ठेवलेली पाळत चर्च समितीने उघड केली. १९७६ मध्ये सिनेटने कायमची देखरेख समिती नेमली. मग आपली संसद गप्प का? चळवळीतल्या तरुणांनी हा जाब विचारलाच पाहिजे.